न कलंडणारी बादली

सकाळी दहाच्या सुमारास ऑफिसातला फोन वाजला, की तो कुणाचा असणार हे मिनेकोला उचलण्याआधीच कळायचं. एवढ्या सकाळी त्या ऑफिसची आठवण येणारा माणूस अख्ख्या ओसाकात एकच होता.

"मिने, आज जिंकलो का गं मी?"

"बाबा, मी कामात आहे."

"म्हणजे हरलो. कुणी मारलं?"

"भुताने."

"त्या छत्रीवालीने? परत? अगं, बाईमाणसाच्या हातून रोज रोज मार खायचा म्हणजे..."

"ठेवते मी."

पलीकडे सेगावा काइचिरो, तेंगाया बाजारगल्लीतले तोफूवाले, सुस्कारा टाकायचे. पहाटेपासून सोयाबीन दळून, उकळून, गाळून, पहिल्या घाण्याचा तोफू पाण्यात सोडून ते फोनपाशी येत, आणि आपण पडद्यावर आज काय दिवे लावले याची चौकशी केल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. तो चहा जपानी, म्हणजे बिनसाखरेचा, ही गोष्ट वेगळी.

मिनेकोची कंपनी मारामारीचे खेळ बनवायची. कंपनी म्हणजे एका गादीवाल्याच्या दुकानावरची खोली आणि तीत डझनभर माणसं. पण त्या वर्षांत ओसाकात अशा खोल्यांतूनच असले खेळ निघत होते. नाणं टाकायचं, दोघांनी समोरासमोर बसायचं, दांडे आणि बटणं हाणायची, की पडद्यावरची दोन चित्रं एकमेकांची हाडं खिळखिळी करतात. हरेल त्याने उठायचं, रांगेतल्या पुढच्याने बसायचं. यात मिनेकोचं काम असं, की आठ योद्ध्यांपैकी एकही इतका दांडगा होऊ नये की सगळे त्यालाच घेतील, आणि एकही इतका मरतुकडा राहू नये की त्याला कुणी विचारणार नाही.

ऐकायला सोपं वाटतं. बेडूक तराजूत तोलणंही ऐकायला सोपंच वाटतं. एकाला पारड्यात बसवावं तर दुसरा उडी मारून बाहेर. छत्रीवाल्या भुताची लाथ किंचित चपळ केली, तर बिचारा भिक्षू निकामी झाला. भिक्षूची काठी बोटभर लांबवली, तर सार्वजनिक न्हाणीघरातल्या बंबवाल्याला कुणाच्या जवळच जाता येईना. बंबवाल्याला उंच उडी दिली, तर तो पडद्याच्या वर गेला आणि तिकडेच राहिला. त्याला खाली आणण्यात त्सुगेचा सबंध बुधवार गेला. त्सुगे म्हणजे यंत्राला समजेल अशा भाषेत हे सगळं लिहिणारा माणूस. त्याच्याविषयी पुढे सांगायचंच आहे.

सातजण झाले तेव्हा मालक उराबे सगळ्यांची चित्रं भिंतीला लावून उभे राहिले. तलवारबाज रेन्या, ज्याचे केस बंद खोलीतसुद्धा वाऱ्यावर उडतात. भूत, भिक्षू, बंबवाला, रेल्वेचा तिकीट तपासनीस, गाऊन काचा फोडणारी राक्षसीण, आणि एक माकड.

"सगळे एकतर सुंदर, नाहीतर भयंकर," उराबे म्हणाले. "मला एक असा हवा, जो सकाळी दार उघडलं की समोर दिसतो."

मिनेकोने तिथल्या तिथे कागद ओढला. गोल पोट, रबरी बूट, डोक्याला पिळून बांधलेला पंचा, गळ्यात दोरीने लटकवलेला पोंगा आणि डाव्या हातात तोफूची लाकडी बादली. उराबे इतके हसले की त्यांच्या नाकातून चहा आला. तोफूवाला पास झाला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण त्या संध्याकाळी मिनेकोने ही गोष्ट घरी सांगितली, आणि मग जे व्हायचं ते झालं.

सेगावांनी चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. "एवढं पोट आहे का माझं?"

"छे," आई भांडी आवरता आवरता म्हणाली, "पोरीने बापाची लाज राखलीय."

दुसऱ्या दिवशी सगळ्या बाजारगल्लीला कळलं. न्हावी, लोणचीवाली, चपलांचा दुकानदार, झाडून सगळ्यांना. सेगावा सायकलवरून पोंगा वाजवत फिरत आणि तोफूबरोबर ती बातमीही घरोघर पोचवत. सगळ्यांत आधी ती पोचली समोरच्या हामाजिमांकडे. हामाजिमा मासळीच्या वड्या विकायचे. गेली तीस वर्षं हे दोघे एकमेकांच्या मालाला नावं ठेवत आले होते, आणि रोज संध्याकाळी एकमेकांकडूनच माल घेत होते.

"तोफूवाला योद्धा?" हामाजिमा म्हणाले. "एक फटका बसला की भुगा होईल की रे तुझा!"

"बघशील," सेगावा म्हणाले.

आता बघशील म्हणून बसले होते, म्हणजे मिनेकोच्या गळ्यात घोंगडं आलंच.

त्यातून खुद्द योद्ध्याच्याच अटी संपेनात. तिने आधी तोफूवाल्याला तोफू फेकायची युक्ती दिली होती. बादलीत हात घालायचा, पांढरी वडी उचलायची आणि शत्रूच्या तोंडावर फट्कन. खेळाच्या दृष्टीने फार छान. लांबून मारता येतं, बघायला मजा येते. सेगावांनी हे ऐकलं आणि ते त्या रात्री जेवले नाहीत.

"मी तोफू फेकेन? चाळीस वर्षं पहाटे उठून हाताने करतोय, तो फेकायला? तुला असं वाटलंच कसं?"

फेकणं गेलं, आणि त्याजागी पोंगा फुंकून लांबून मारणं आलं. पण बादली तर हातात होतीच. म्हणजे बाकीचे सातजण दोन हात, दोन पाय, तलवार, काठी, छत्री आणि शेपटी घेऊन लढणार, आणि तोफूवाला एका हाताने, कारण दुसरा हात बादलीत अडकलेला. त्याला बादली खाली ठेव म्हणावं, तर बाबा म्हणणार, रस्त्यावर बादली ठेवतं का कुणी? धूळ जाते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी मिनेकोची गत झाली.

अशा खेळांची एक रीत असते. खेळ अर्धाकच्चा असतानाच त्याचं एक यंत्र एखाद्या खेळघरात नेऊन ठेवतात. जाहिरात नाही, गाजावाजा नाही. बनवणारे गिऱ्हाइकासारखे मागे उभे राहतात आणि कान देऊन ऐकतात, लोक कुणाला घेतात, कुठे शिव्या घालतात, कुणाला बघून हसतात. नियम एकच. आपण कोण हे सांगायचं नाही. सांगितलं की लोक खोटं बोलायला लागतात.

पहिल्या चाचणीच्या आदल्या दिवशी मिनेकोने कुणाला न सांगता तोफूवाल्याच्या पोंग्याचा जोर वाढवला. थोडासाच, असं ती स्वतःला म्हणाली. चाचणी सुरू झाल्यावर तासाभरात लोकांच्या लक्षात आलं, की कोपऱ्यात उभं राहून नुसता पोंगा फुंकला तरी समोरचा मरतो. मग काय! दोन्ही बाजूंना तोफूवाले, आणि दिवसभर पोंऽऽ, पोंऽऽ, पोंऽऽ. संध्याकाळी खेळघराच्या मालकाने कपाळाला मलमाची पट्टी लावून उराबेंना सांगितलं, की पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकलंत तर तंगडी मोडीन.

परत आल्यावर जिना चढताना उराबे म्हणाले, "मिनेको, तुझ्या बापाने उभ्या जन्मात कधी काटा मारला असेल?"

"नाही, साहेब."

"तू मारलास."

ती इतकी शरमली की दुसऱ्या दिवशी तिने पोंग्याचा जोर पार कमी करून टाकला. आगीतून निघून फुफाट्यात. दुसऱ्या चाचणीत तोफूवाल्याला माकडानेसुद्धा बडवलं. एक मुलगी तर मैत्रिणीला म्हणाली, "याला घेऊ नको गं, याची दया येते." मिनेको मागे उभी राहून ते ऐकत होती आणि नियमाप्रमाणे ती कुणीच नव्हती.

आणि मग तिसरं संकट आलं. यंत्रातल्या चिपमध्ये आठजण मावेनात. एकट्या रेन्याच्या केसांनीच एवढी जागा खाल्ली होती. केस कापा म्हणावं, तर चित्रकार नोकरी सोडायला निघाला.

"रविवारी शेवटची चाचणी," उराबेंनी जाहीर केलं. "ज्याला सगळ्यांत कमी लोक घेतील तो जाईल. मग तो तुझा बाप असो नाहीतर माझा."

"चाचणी कुठे, साहेब?"

उराबेंनी डोकं खाजवलं. पोंग्याची कीर्ती सगळ्या खेळघरांत पसरली होती. आता यंत्र ठेवून घ्यायला एकच मालक तयार होता, आणि त्याचं खेळघर होतं तेंगाया बाजारगल्लीत, तोफूच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर.

मिनेकोने घरी काही सांगितलं नाही. पण खेळघराचा मालक रोज सकाळी कुणाकडून तोफू घ्यायचा? शनिवारी सगळी गल्ली नवे कपडे इस्त्रीला टाकून बसली होती.

त्याच्या आदल्याच दिवशी बाबांचा फोन आला होता. मिनेकोने खेळाची एक व्हिडिओ कॅसेट घरी नेली होती, ती त्यांनी दुकानातल्या टीव्हीवर गिऱ्हाइकांसकट पाहिली होती.

"मिने! चालताना बादली कलंडतेय! पाणी सांडतंय! लोक काय म्हणतील?"

हरण्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही, म्हणून तिलाच बरं वाटलं. निदान एवढं तरी आपल्या हातात आहे. ती त्सुगेकडे गेली.

"त्सुगे, बादली कलंडता कामा नये."

"चालताना?"

"चालताना, उडी मारताना, मार खाताना. कधीच नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही रे."

त्सुगेला कुणी "एक मिनिट पेन दे" म्हटलं, तर तो मिनिटभराने ते परत घ्यायला येणारा माणूस. त्याने मान डोलावली आणि लिहायला बसला. बादली त्याने हातापासून वेगळी काढली, तिची उंची पक्की केली, ती तिरकी होणार नाही असं बघितलं. मग तोफूवाल्याला चालवलं, पळवलं, उडवलं, बडवलं. बादली सुतासारखी सरळ. फक्त त्याला जिवानिशी मारून बघायचं तेवढं राहिलं. मिनेको शेजारीच बसलेली असायची, तिच्यादेखत तिच्या बापाला मारायला कुणाचा हात धजावत नव्हता.

रविवारी सकाळपासून खेळघर भरलं. रांग भराभर सरकावी म्हणून त्सुगेने एका डावातच निकाल लावून ठेवला होता. रेन्याला मागणी होती, भुताला होती, माकडालाही होती. दुपार कलली तरी तोफूवाल्याला कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. त्याच्या चौकटीवरून दांडा पुढे सरकायचा, जसे लोक रस्त्यात ओळखीचा सावकार दिसला की दुसरीकडे बघत पुढे जातात. तिकीट तपासनीसाला दोघांनी घेतलं होतं, एकाने चुकून. मिनेको सिगारेट विकणाऱ्या यंत्राला टेकून उभी होती.

तेवढ्यात दारात सेगावा उभे राहिले. अंगात लग्नकार्याचा काळा कोट, पायांत रबरी बूट. मागे न्हावी, लोणचीवाली, चपलांचा दुकानदार आणि अर्धी गल्ली.

"अगं मिने!" ते ओरडले. "कुठंय मी?"

मिनेको छताकडे बघायला लागली. उराबे सिगारेटच्या यंत्रामागे गेले.

"ती माझी मुलगी," सेगावांनी शेजारच्या अनोळखी पोरांना सांगितलं. "तिनेच केलंय. पण ते सांगायचं नाही म्हणे."

खेळाच्या यंत्राच्या एका बाजूला सकाळपासून कोण बसलं होतं? हामाजिमा. रेन्याला घेऊन त्यांनी कॉलेजच्या पोरांना एकापाठोपाठ उठवलं होतं. नंतर कळलं, की महिनाभर ते मासळी आणायला जातो म्हणून घरून निघत आणि दूरच्या खेळघरात दुसऱ्याच कुठल्या तरी खेळावर हात साफ करत.

"ये, काइचिरो," हामाजिमा म्हणाले. "भुगा व्हायला ये."

सेगावा बसले. दांडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला, रवी धरावी तसा. बटणांना हात कुठून लावायचा हे त्यांना सुचेना. मग त्यांनी एक हात सोडवून जे पहिलं बटण सापडलं तेच धरून ठेवलं. पडद्यावरचा तोफूवाला पोंगा फुंकू लागला. पोंऽऽ. आता त्या पोंग्याने डाससुद्धा उडाला नसता. रेन्या केस उडवत आला आणि कोथिंबीर चिरावी तसा वार करत सुटला.

"मागे हो रे! मागे हो!" न्हावी ओरडला.

"मागे कसा होऊ? मागे भिंत आहे!"

"लाथ मार!"

"बूट ओले आहेत!" सेगावा म्हणाले. त्यांचा नाइलाज कुणाला कळला नाही, पण पटला.

मिनेकोला बघवेना. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला वाटलं, पोंग्याचा तो जोर राहू दिला असता तर काय आकाश कोसळणार होतं? एक दिवस. एकच डाव. बाबांना एकदा जिंकलेलं बघायला तिने काहीही दिलं असतं. रेन्याने शेवटचा वार केला, आणि तोफूवाला हात पसरून उताणा पडला.

बादली पडली नाही.

ती जिथे होती तिथेच हवेत राहिली. खाली तोफूवाला चारी मुंड्या चीत, आणि वर, त्याच्या कमरेच्या उंचीवर, बादली सरळ, तिच्यातलं पाणी सरळ, तोफू शाबूत. इकडे रेन्या आपल्या सवयीप्रमाणे जिंकल्यावर मागे वळला आणि त्याने झोकात केसांना एक झटका दिला. केस जाऊन बादलीला लागले.

टण्ण!

आणि रेन्या आडवा झाला. यंत्र थोडा वेळ घुटमळलं. मग पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं: बरोबरी.

"हे काय?" हामाजिमा ताडकन उठले. "मेलेल्या माणसाने मारलं मला!"

"मेलोय कुठे मी?" सेगावा पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले. "बघ. सांडलाय का एक थेंब तरी?"

मग जो गिल्ला झाला तो विचारूच नका. लोणचीवाली टाळ्या वाजवत नाचली. न्हाव्याने सेगावांना मिठी मारली. पोरं ओरडायला लागली, "मला तोफूवाला! मला तोफूवाला!" आणि रांगच उलटी फिरली. आता ज्याला त्याला तोफूवाला होऊन मरायचं होतं. नीट मरण्यात एक कसब आलं. कुठे पडलं असता बादली बरोबर शत्रूच्या डोक्याशी येईल, यावर वाद झडू लागले. एकदा दोन तोफूवाले एकमेकांना मारून पडले आणि पडद्यावर नुसत्या दोन बादल्या लटकत राहिल्या, तेव्हा लोकांनी उभं राहून त्यांना मान दिला.

मिनेकोने कोपऱ्यातल्या त्सुगेला गाठलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तूच म्हणालीस, कधीच नाही," तो म्हणाला.

"आणि ती लागली कशी?"

"आपल्याकडे दोनच प्रकार आहेत. एक अंग, एक शस्त्र. बादली अंग नाही. मग मी तिला शस्त्रात टाकलं."

संध्याकाळी उराबेंनी मिनेकोला बाहेर गोळ्या भाजणाऱ्याच्या गाडीपाशी नेलं. आठ पायांच्या माशाच्या गरमागरम गोळ्या काडीला टोचून त्यांनी तिच्यापुढे धरल्या. ते खुशीत होते.

"तुझा बाप आज सगळ्यांत वर," ते म्हणाले. "कुणालाच एवढं घेतलं नाही कधी. ही चूक आपण चूक म्हणायचीच नाही. राहू दे तशीच."

मिनेकोच्या तोंडात गोळी होती, त्यामुळे तिला लगेच बोलता आलं नाही. जीभ भाजली. तेवढ्या वेळात तिच्या डोळ्यांपुढे हामाजिमांचा चेहरा आला. महिनाभर घरी खोटं बोलून शिकलेला म्हातारा, आणि नीट खेळून जिंकलेला.

"नको, साहेब," ती म्हणाली. "पडलेल्या माणसाने मारलं, तर उभ्या माणसाने कशाला खेळायचं? लोक हसताहेत तोवर ठीक. पंधरा दिवसांनी हेच लोक म्हणतील, यांनी काटा मारला."

उराबेंनी विचारलं, "म्हणजे बादलीही पाडायची?"

"नाही. बादली राहील वरच. फक्त ती कुणाला लागणार नाही. आणि नुसती लटकत नको. पडल्यावरसुद्धा त्याचा हात तिच्याखाली असेल."

"मग तुझा बाप हरणार."

"हो."

"हे त्याला कोण सांगणार?"

"मी."

"बरं," उराबे म्हणाले, "मी तोवर पळायला मोटार काढून ठेवतो."

तोफूच्या दुकानात गर्दी होती. सेगावा कोटावरच पंचा गुंडाळून उद्याचं सोयाबीन भिजत घालत होते आणि गिऱ्हाइकांना हकिकत सांगत होते. ती आता इतकी वाढली होती, की बादलीच्या तडाख्याने हामाजिमा थेट छताला लागून खाली आले होते. खुद्द हामाजिमा तिथेच, उद्याच्या नाश्त्याचा तोफू घ्यायला उभे होते आणि ऐकत होते.

"बाबा," मिनेको म्हणाली, "ती चूक होती. आम्ही ती काढणार आहोत."

सेगावांचा हात पाण्यात थांबला. "कसली चूक?"

"बादली लागली ती. तसं लागायला नको होतं. तुम्ही... म्हणजे तो हरला होता, बाबा. हामाजिमाकाका जिंकले होते."

हामाजिमांनी तोंड उघडलं, आणि मग, हे त्यांच्या नावावर लिहून ठेवायला हवं, मिटलं.

"म्हणजे उद्यापासून मी हरणार?" सेगावांनी विचारलं.

"बहुतेक वेळा. एक हात अडकलेला आहे ना तुमचा."

"रोज?"

"चांगला खेळणारा असला तर कधीमधी जिंकाल. पण हरालच जास्त." एवढं साधं वाक्य बापाला सांगणं मिनेकोला जड जात होतं. "मला जिंकवता आलं असतं, बाबा. आकडाच बदलायचा असतो. पण मग तो खरा राहिला नसता."

सेगावांनी मूठभर सोयाबीन पाण्यातून वर काढलं, निवडल्यासारखं केलं आणि पुन्हा सोडलं.

"आणि बादली?"

"बादली वरच. तुम्ही कितीही पडलात तरी."

"कलंडणार नाही?"

"कधीच नाही. त्सुगेने लिहिलंय. तो बदलत नसतो."

"मग झालं की!" सेगावा म्हणाले. "तोंड काय पाडलंस एवढं? रस्त्यात मी काय कमी वेळा पडलोय? बर्फात पडलोय, कुत्रा मागे लागला तेव्हा पडलोय, या हामाजिमाच्या दारात तर सांडलेल्या तेलावरून पडलोय."

"दोनदा," हामाजिमा म्हणाले.

"पडतो माणूस. पण मी खाली गेलो म्हणून तोफू कशाला खाली जाईल? सकाळी लोकांनी खायचं काय मग? याच्या त्या रबरासारख्या वड्या?"

"रबरासारख्या?" हामाजिमा म्हणाले. "तुझा तोफू चाखायला गेलं तर आधी सापडत नाही तोंडात!"

आणि मग ते सुरू झालं ते नेहमीचं, तेव्हा मिनेकोने डोळे पुसले आणि आईच्या मदतीला गल्ल्याकडे गेली.

खेळ हिवाळ्यात बाजारात आला. तिकीट तपासनीस गेला. त्याच्यासाठी फोन करणारं जगात कुणी नव्हतं, ते मिनेकोच्या मनाला लागलं, म्हणून तिने त्याला रेल्वे फलाटाच्या देखाव्यात मागे उभं केलं. समोर कितीही मारामारी होवो, तो फक्त घड्याळ बघतो. तोफूवाला राहिला. तो फार जिंकत नाही. पण कुठल्याही खेळघरात एखादा तरी माणूस असतोच जो त्यालाच घेतो, आणि हरल्यावर उठायच्या आधी पडद्याकडे नीट बघून घेतो.

आणि सकाळी दहाच्या सुमारास फोन वाजतो.

"मिने, आज किती वेळा सांडला गं?"

"एकदाही नाही, बाबा."

"ठीक," पलीकडून उत्तर येतं, आणि चहाचा घोट घेतल्याचा आवाज.